साहेबांचं ‘आपण’

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नव्या नोकरीच्या पहिल्या सकाळी, मी इतकी घाबरले होते की गेटवरच्या वॉचमनला वाकून नमस्कार केला. तो बिचारा खुर्चीतून उठून उभा राहिला आणि पुढे कित्येक महिने मला मालकांची कुणीतरी नातेवाईक समजत होता. त्याचा गैरसमज मी दूर केला नाही. त्या कारखान्यात मला बघून उठून उभा राहणारा तो एकटाच होता.

कारखाना रबाळ्याच्या एमआयडीसीत. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. मी डिस्पॅचला लागले होते, म्हणजे तयार माल कुठल्या गाडीत भरायचा, गाडी कुठे धाडायची आणि ती पोचली की नाही हे बघायचं. काम नवं नव्हतं. हेच काम मी तुर्भ्याला वीसेक वर्षं केलं होतं. मग ती कंपनी गाशा गुंडाळून गुजरातेत गेली आणि मी जुईनगरच्या घरात बसले, ती वर्षभर बसले.

त्या वर्षात मी इंटरव्ह्यू किती दिले ते विचारू नका. माझ्या मुलीच्या वयाची मुलं समोर बसून विचारायची, “मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” मी एकदा खरं सांगितलं की बावन्न वर्षांची बघते. ते हसले, मीही हसले, आणि फोन आला नाही. कुठूनच आला नाही. शेवटी रबाळ्याहून आला आणि तोही अटीवर: सहा महिने काम बघू, पसंत पडलात तर कायम करू. पसंत पडायचं होतं एकाच माणसाला, आमच्या डिस्पॅचच्या साहेबांना. त्यांनी नको म्हटलं असतं तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वॉचमनला नमस्कार.

साहेब साताऱ्याकडचे. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने सडसडीत, आवाज खालचा. आणि मिशी. मिशी मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या रामायणाला ती कारण आहे. चांगली दाट, वरच्या ओठावरून थेट खाली उतरणारी. बोलताना साहेबांचे ओठ फारसे हलायचे नाहीत आणि वाक्याचं शेवटचं अक्षर त्या मिशीतच कुठेतरी अडकून बसायचं. “गाडी लाव…” म्हणायचे. लावा की लावली की लावायची, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, “या. बसा. तुमचं टेबल हे.” एवढंच. मी त्या तीन वाक्यांवर खूश होते. जेवायच्या सुट्टीत ही खुशी अकाउंट्समधल्या बाईंनी काढून घेतली.

ह्या बाई मालवणच्या. कारखान्यात बारा-पंधरा वर्षं मुरलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘अगं’ म्हणायला सुरुवात केली आणि डब्यातली बांगड्याची तुकडी माझ्या झाकणावर ठेवली.

“काय म्हणाला गो तुला?” त्यांनी विचारलं.

“या, बसा, म्हणाले.”

“बसा म्हणाला? म्हणजे तुम्ही.” त्यांनी काटा बाजूला काढला. “हरकत नाही. अजून तुम्हीवरच हायस.”

“म्हणजे?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि मला साहेबांचं व्याकरण समजावून सांगितलं. साहेब ज्याला ‘तू’ म्हणतात तो पक्का. त्याच्यावर ओरडतील, त्याच्या बापाचा उद्धार करतील, पण त्याला हात लावणार नाहीत. ‘तुम्ही’ म्हणजे टांगलेला. आणि ज्या दिवशी साहेब ‘आपण’ म्हणतील त्या दिवशी डबा धुवून, छत्री उचलून चालू पडायचं.

“कोणाला म्हणाले?”

“तुझ्या टेबलावर होता त्याला. शुक्रवारी केबिनमध्ये बोलावून म्हणाला, ‘आपण’. माझ्या ह्या कानांनी ऐकलंय मी, दार उघडं होतं. सोमवारी टेबल रिकामं.” त्या घोटभर पाणी प्यायल्या. “जेव. थंड होतोय.”

मी कसली जेवते. बांगडा मला एरवी जीव की प्राण, पण तो घास तसाच तोंडात फिरत राहिला. मी त्या माणसाच्या खुर्चीवर बसत होते. खुर्चीचं एक चाक हलत होतं. संध्याकाळपर्यंत मला ते चाकही काहीतरी सुचवतंय असं वाटायला लागलं.

त्या दिवसापासून मी कामाला नाही, क्रियापदांना जाऊ लागले. साहेब बोलायला लागले की माझे कान वाक्याच्या शेपटाकडे. लोडिंगच्या माणसांना ते बिनधास्त हाणायचे: “अरं ए, डोळं फुटलं का तुझं, उलटा गठ्ठा लावतूस?” आणि तो माणूस हसत हसत गठ्ठा सुलटा करायचा. मला त्याचा इतका हेवा वाटायचा. मलाही कुणीतरी एकदा ‘डोळं फुटलं का’ म्हणावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. पण छे. माझ्याकडे वळले की साहेबांचा आवाज इस्त्री केल्यासारखा सरळ व्हायचा. “मॅडम, तेवढं बघता का.”

आता तुम्ही म्हणाल, अहो, वयाने मोठी बाई, ती तुम्हीच असणार. हे मलाही समजत होतं. पण भीतीला समजूत घालून कधी कुणाची भीती गेली आहे?

मी उपाय केले. नाचणीचे लाडू करून नेले. आपुलकी वाढेल, एखादं ‘तू’ निसटेल, असा डाव. साहेबांनी लाडू दोन बोटांत धरला, बघितला आणि म्हणाले, “आभारी आहे.” साताऱ्याच्या माणसाने आभारी आहे म्हणणं म्हणजे डॉक्टरने खांद्यावर हात ठेवण्यासारखं. अकाउंट्सवाली काचेपलीकडून माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. मला सांगायची सवय आहे. कुणी विचारलं, गाडी गेली का, तर गेली म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. गाडी कशी आली, ड्रायव्हर कुठे गेला होता, त्याच्या मेव्हण्याची काय भानगड, मग दोरी कशी कमी पडली, असं करत करत गाडी गेटबाहेर पडायची. तुर्भ्याला लोक माझ्या टेबलाभोवती चहा घेऊन जमायचे. इथे पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, “मॅडम, भिवंडीची गाडी गेली?” आणि मी सुरू झाले. मेव्हण्यापर्यंत आले तेव्हा साहेबांनी एक बोट वर केलं.

“मॅडम, एक विनंती.”

विनंती.

“वाईट आधी सांगत जा. एका वाक्यात. बाकीचं मग.”

“पण वाईट काहीच नाही, साहेब. गाडी गेली.”

“मग तेच आधी सांगा.” आणि ते निघून गेले. रागावले नव्हते, हसलेही नव्हते. मिशीमुळे ते कळायला मार्गच नव्हता. मी बाकीचा दिवस मेव्हण्याला गिळून बसले.

असं होता होता चार महिने निघाले. एका वाक्यात बोलायला मी घरी सराव करायचे. नवऱ्याने विचारलं, भाजी कसली, की मी म्हणायचे, “करपली.” तो म्हणायचा, “कसली ते विचारलं.” मी म्हणायचे, “वाईट आधी.”

आणि मग महाड झालं.

आमचं एक गिऱ्हाईक होतं, त्यांचे दोन कारखाने. जुना महाडच्या एमआयडीसीत, नवा इथे महाप्याला, आमच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर. महाडला माल नेणारा ड्रायव्हर ठरलेला, वयस्कर, सगळे त्याला मामा म्हणत. त्या सकाळी मामांची गाडी भरली होती महाप्यासाठी. तिथे दुपारच्या पाळीला खोकी हवी होती, नाहीतर त्यांची पॅकिंगची लाइन थांबणार होती. मी चलान घेऊन यार्डात गेले. मामा स्टिअरिंगवर बसले होते.

मी एवढंच म्हणायला हवं होतं: महापे. एक शब्द. पण चार महिने गिळलेल्या गोष्टी माझ्या घशाशी आल्या होत्या, आणि मामा काही साहेब नव्हते.

“मामा,” मी म्हटलं, “तुम्ही नेहमी महाडला जाता ना, तर माझी एक मावशी महाडला दिलेली. आम्ही लहानपणी जायचो तिच्याकडे, मे महिन्यात. तिच्या दारात एवढा मोठा फणस, आणि मावशीचा स्वभाव असा की…” मामा मान डोलावत होते. शेजारी एक गाडी पीं पीं करत मागे येत होती. मी फणस संपवला, मावशी संपवली, चलान त्यांच्या हातात दिलं आणि शेवटी म्हटलं, “आज मात्र महाप्याला हं.” तोवर मामांनी इंजिन सुरू केलं होतं. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

चलानावर पत्ता होता. पण चलान हे गेटवर दाखवायचं असतं, वाचायचं नसतं, असं मामांचं मत होतं, आणि वर गिऱ्हाइकाचं नाव तर नेहमीचंच.

जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी माझा फोन वाजला.

“ताई, मामा बोलतोय. वडखळला आलोय. इथं जेवून घेऊ का सरळ महाडला जाऊ? ट्रॅफिक लई हाय.”

वडखळ. रबाळ्याहून महाप्याला जाणारा माणूस वडखळला कसा पोचेल? नकाशा कसाही धरा, उलटा धरा, पोचत नाही. मामा पलीकडे म्हणत होते, “ताई? ताई, ऐकू येतंय का?” ऐकू येत होतं. मला मावशीच्या फणसावरून पडताना जसं वाटलं असतं तसं वाटत होतं. मी कसंबसं म्हटलं, “मामा, गाडी फिरवा. महापे,” आणि फोन ठेवला.

अकाउंट्सवाली माझा चेहरा बघून उठून आली. मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

“आताच नको सांगू,” ती कुजबुजली. “गाडी फिरलीय ना? येऊ दे. पोचली की सांग, ट्रॅफिक लागला. गणपतीचे दिवस नाहीत, पण हायवेला काय, कधीही लागतो.”

सल्ला वाईट नव्हता. चार महिने सांभाळलेलं ‘तुम्ही’ माझ्याकडे शिल्लक होतं, ते तरी राहिलं असतं. मी काचेतून केबिनमध्ये बघितलं. साहेब फोनवर होते. काच जाड, पण दार किलकिलं होतं, आणि मला ऐकू आलं, “नाही नाही, गाडी कवाच निघालीय. पोचतेच. मी शब्द देतो तुम्हाला…”

ते महाप्यालाच बोलत होते. आणि शब्द देत होते.

मी दार ढकललं आणि ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर केला. साहेबांनी फोनवर तळवा ठेवला.

“गाडी वडखळला आहे,” मी म्हणाले.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. तिला आधी नाही, मागे नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग तळवा काढला आणि फोनवर म्हणाले, “साहेब, थांबा. चूक झालीय आमची. गाडी दुसरीकडं गेली. थोडा माल तासाभरात देतो, बाकी संध्याकाळी.” पलीकडून बराच वेळ कुणीतरी ओरडत होतं. साहेब “व्हय, व्हय” म्हणत होते. फोन खाली ठेवला.

मग साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “आपण आता काय करणार…”

संपलं. आपण. मी ते ह्या कानांनी ऐकलं, आणि दार उघडंच होतं, म्हणजे अकाउंट्सवालीनेही ऐकलं. एक सांगते, त्या क्षणी भीती गेली. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर वाटतं तसं झालं. मी ताठ उभी राहिले आणि जमेल तेवढ्या डौलात म्हटलं, “मी टेबल आवरते, साहेब.”

“टेबल कशाला?” साहेब शर्टाच्या बाह्या वर करत होते. “गोडाऊनमध्ये कागदाच्या रिळांच्या मागं ह्याच खोक्यांचे जादा गठ्ठे पडलेत मागच्या वेळचे. लोडिंगवाले जेवायला गेलेत. चला.”

“कोण?”

“आपण,” साहेब म्हणाले. “तुम्ही आन् मी. दुसरं कोण हाय इथं?”

मी त्यांच्यामागून गोडाऊनकडे धावले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुठ्ठ्याचे गठ्ठे ओढले. साडी असती तर जमलं नसतं, कुर्ता होता म्हणून निभावलं. कंपनीचा लहान टेम्पो, छोटा हत्ती, दारात उभा होता, तो आम्ही भरला. अर्धा भरला तोवर लोडिंगवाले धावत आले आणि साहेबांनी त्यांना ‘तू’ने असं झोडपलं की माझा पुन्हा जळफळाट झाला.

छोटा हत्ती साहेबांनी स्वतः चालवायला घेतला. मी शेजारी. ती केबिन एवढीशी की माझा गुडघा गिअरला लागत होता आणि दर वेळी गिअर टाकताना साहेब “माफ करा” म्हणत होते. ठाणे-बेलापूर रोडला लागलो तरी मी शब्द काढला नव्हता. ‘आपण’चे दोन अर्थ होतात हे शाळेत शिकले होते, पण गठ्ठे ओढतानाचा अर्थ कुठला आणि संध्याकाळचा कुठला, याची हमी कोण देणार? माल पोचेपर्यंत माझा उपयोग होता. नंतर काय?

घणसोलीच्या पुढे सिग्नल लागला.

“मॅडम,” साहेब समोर बघत म्हणाले, “तुम्ही हात वर केला नसता तर मी शब्द देऊन बसलो होतो. तो खोटा पडला असता.”

मी मांडीवरचं चलान सरळ केलं.

“आता बाकीचं सांगा. झालं काय?”

“मी मामांना महाडच्या मावशीचं सांगत बसले, त्यात महापे ऐकू गेलं नाही,” मी म्हटलं. एका वाक्यात. शिकवलेलं विसरले नव्हते.

सिग्नल लाल होता. मागे कुणीतरी उगाचच हॉर्न वाजवत होतं.

“काय मावशीचं?” साहेबांनी विचारलं.

“नको साहेब. लांबड आहे.”

“सिग्नलपन लांबड हाय.”

मग मी सांगितलं. फणस, मावशी, मावशीची सासू, आणि त्या सासूने फणसाच्या बुंध्याला लावलेलं कुलूप. साहेब समोर बघत गाडी चालवत होते. कुलपापाशी आल्यावर त्यांची मिशी दोन्ही बाजूंनी जराशी वर गेली. महाप्याच्या गेटवर पोचलो तेव्हा सासू अजून जिवंत होती, आणि साहेब म्हणाले, “बाकीचं परत जाताना.”

माल उतरला. संध्याकाळी मामाही आले, वडखळला न जेवता, सगळ्यांवर रुसून.

त्यानंतर आमची एक रीत पडली. वाईट असेल ते मी दारातूनच सांगायचे, एका वाक्यात, मग ते कितीही भयंकर असो. आणि चारच्या चहाला साहेब कप घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे, उभ्याउभ्याच विचारायचे, “मग? बाकीचं?” हळूहळू लोडिंगवालेही यायला लागले. पण साहेबांनी मला एकदाही ‘तू’ म्हटलं नाही, आणि अकाउंट्सवालीचं म्हणणं कायम होतं. “चहाबिहा सगळा ठीक,” ती म्हणायची. “पण तू ‘तुम्ही’च हायस गो. आणि एकदा तर ‘आपण’ झालंय. मी मोजते.”

सहावा महिना सरत आला. त्या शेवटच्या शुक्रवारी निघायच्या वेळेला साहेबांनी मला केबिनच्या दारात थांबवलं.

“मॅडम, सोमवारी आपण बस…”

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि हाताने मला जा म्हणून खूण केली.

मी तशीच उभी. आपण बस… काय? बसू, की बसा? बसू असेल तर दोघं बसून बोलणार. बसा असेल तर घरी बसा. एका काना-मात्रेवर माझं पुढचं सगळं आयुष्य होतं, आणि ती मात्रा मिशीत अडकली होती. मी वळले तर अकाउंट्सवाली पर्स खांद्याला लावून उभी होती, डोळ्यांत पाणी. “हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच. शुक्रवार, दार, आणि हेच शब्द.”

घरी आले. नवऱ्याला सगळं करून दाखवलं, मिशीच्या जागी बोट धरून.

“बसू म्हणाला असेल,” तो म्हणाला.

“तू होतास तिथे?”

“मग बसा म्हणाला असेल.”

“असं कसं म्हणवतं तुला?”

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. शनिवारी मी ते वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या सुरांत म्हणून पाहिलं की मुलीने दार लावून घेतलं. रविवारी मी ठरवलं, जायचंच नाही. सोमवारी तब्येतीचा मेसेज टाकायचा. हाकललं तर निदान तोंडावर तरी नको. त्या हलत्या चाकाच्या खुर्चीवर बसून, लोडिंगवाल्यांच्या समोर, डबा पिशवीत भरून बाहेर पडायचं, आणि त्या वॉचमनने पुन्हा उठून उभं राहायचं, हे माझ्याने झालं नसतं. मेसेज टाइप करून ठेवला. मग पुन्हा जुईनगरचं घर, इंटरव्ह्यू, पाच वर्षांनी कुठे बघता.

सोमवारी सकाळी फोन हातात घेतला, मेसेज वाचला, आणि मला माझंच हसू आलं. कसं लिहिलं होतं: आधी हवामान, मग पाठ, मग पाठीचा इतिहास, आणि येत नाही हे सगळ्यात शेवटी. साहेबांनी बोट वर केलं असतं. वाईट आधी. जे काय असेल ते आधी ऐकून घ्यायचं, मग बाकीचं. मी मेसेज पुसला आणि निघाले. धैर्य वगैरे नव्हतं. रबाळे स्टेशनापासून कारखान्यापर्यंतच्या रिक्षात मी मारुतीस्तोत्राच्या दोन ओळी उलटसुलट म्हणत होते, कारण बाकीच्या आठवत नव्हत्या.

केबिनमध्ये गेले. साहेबांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

“आलात,” ते म्हणाले. असं म्हणाले की जणू त्यांना खात्री नव्हती.

“बोलवलं होतंत.”

“ते तर त्यालाही बोलवलं होतं.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “मॅडम, तुम्ही आजपासून कायम. कागद एचआर देईल. पण खरं सांगू का, मला वाटलं होतं, तुम्हीही याय… नाही.”

“कोणाला बोलवलं होतं, साहेब?”

“तुमच्या टेबलावर होता तो. चांगला पोरगा. त्यालाही कायम करायचं होतं. शुक्रवारी म्हटलं, सोमवारी आपण बसू. सोमवारी आलाच नाही. फोन उचलेना. मी काय वाईट वागलो त्याच्याशी, अजून कळत न्हाई.”

मी काचेतून बाहेर बघितलं. अकाउंट्सवाली आमच्याकडे बघत होती, हातात रुमाल तयार ठेवून.

ही गोष्ट मला मावशीपासून सांगता आली असती. बांगड्यापासून सुरुवात करून, हलत्या चाकावरून, संध्याकाळपर्यंत पुरली असती. माझे हात शिवशिवत होते. पण मी आता कायम होते, आणि कायम झालेल्या माणसाला रीत पाळावी लागते.

“साहेब,” मी म्हणाले, “तुम्ही शेवटचं अक्षर खाता. त्याला ‘घरी बसा’ ऐकू आलं.”

बाहेर कुणीतरी गठ्ठा उलटा लावला असावा, पण साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. ओठांवरची मिशी त्यांनी दोन बोटांनी बाजूला केली, जणू खाली काही सापडतंय का बघायला. मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

“आपण त्याला फोन कर…”

मी हात पुढे केला नाही.

“करू की करा, साहेब?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“करू,” ते म्हणाले, आणि तो ऊ त्यांनी इतका लांबवला की काचेपलीकडे अकाउंट्सवालीने रुमाल खाली ठेवला.